मानलेली

साउथहॅम्प्टनच्या त्या युनिव्हर्सिटीत ऑगस्टातली राखी ऑक्टोबरात बांधत. ऑगस्टात मुलं आपापल्या घरी असतात आणि घरी सख्ख्या बहिणी असतात. मानलेल्या बहिणीची गरज टर्म सुरू झाल्यावर पडते.

गरज होती ती मुलांच्या कबड्डी टीमला. नाव टायगर्स. पंजाबी, गुजराती, एकदोन श्रीलंकेचे तमिळ, आणि मराठी म्हणावा असा एकटा कॅप्टन, समर. काही वर्षांपूर्वी रवी नावाचा त्यांचा जुना कॅप्टन वर्षभर अमेरिकेत शिकून आला, आणि येताना तिथल्या मुलांच्या क्लबांमधल्या दोन चाली उचलून घेऊन आला. टर्म सुरू होताना एका मुलीला टीमची ‘लिटल सिस्टर’ करायचं, आणि सीझन संपताना एकीला ‘स्वीटहार्ट’. सिस्टरच्या हातून सगळ्यांनी राखी बांधून घ्यायची, ही भर रवीची स्वतःची. स्वीटहार्टला सॅटिनचा पट्टा, मुकुट आणि वेबसाइटवर फोटो. सिस्टरला टीमचा शर्ट, आणि टीमची सगळी कामं. मत दोघींनाही नाही. मीटिंगचं दार लागलं की दोघींनी बाहेर थांबायचं.

२००५ च्या ऑक्टोबरात सिस्टरचा मान वैजयंतीकडे आला.

वैजयंती ईलिंगची. फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला. एकुलती एक, आणि तेही अशा आईची, जी इस्त्री करताना ओव्या म्हणायची. जातं नव्हतं, मग इस्त्रीच्या वाफेवरच म्हणायची:

भाऊ गं भाऊ म्हणू, भाऊ दारीचा अशोक
सावली साऱ्या गावा, फूल बहिणीला एक.

लहानपणी वैजयंती विचारायची, आई, आपल्या दारात कोणतं झाड आहे? दारात कौन्सिलचे कचऱ्याचे डबे होते, निळा आणि हिरवा. आई म्हणायची, लावू गं एखादं. ते झाड काही लागलं नाही, आणि मुलगी भावाच्या ओव्या ऐकत बिनभावाची वाढली. ज्याच्या घरी पाणी नाही त्याला नळाच्या आवाजानेही तहान लागते, तसं तिचं होतं.

म्हणून ती हो म्हणाली. निदान स्वतःला तिने सांगितलं तेच कारण.

दुसरं कारण बॅडमिंटन हॉलमध्ये रांगेच्या शेवटी उभं होतं.

“हळू हं ताई, माझ्या हातावर केस आहेत,” पहिल्या मुलाने मनगट पुढे करत म्हटलं. समरने सगळ्यांना ताई म्हणायला शिकवलं होतं. वीर नावाचा उंचापुरा पंजाबी मुलगा हसून हसून वाकडा झाला. “अरे, आमच्यात ताई म्हणजे मोठ्या काकाची बायको! पंचेचाळीसची, गुडघेदुखीवाली.”

“मग गुडघे माझ्याकडेच दाखवायचेत तुला,” वैजयंती म्हणाली. “जपून बोल.”

मुलांनी शिट्ट्या मारल्या. शेवटी समर आला. त्याने मनगट पुढे केलं ते डोळे खाली घालून नाही, सरळ तिच्याकडे बघत. दोरा लाल होता. गाठ तिच्याकडून दोनदा सुटली, आणि का ते त्याला कळलं. कळलं हे तिलाही कळलं. त्या दिवशी कोणी थांबवायला हवं होतं. पण थांबवणार कोण? तिथे सगळे भाऊच होते.

तिची फ्लॅटमेट हॅनाह एजवेअरची. आजीआजोबा मुंबईहून आलेले बेने इस्राएल ज्यू, त्यामुळे तिला मराठी येई ते आजीच्या स्वयंपाकघरातलं, बाकी सगळं इंग्लिश. ती संध्याकाळी टोस्टला लोणी लावत म्हणाली, “एवढे भाऊ? एका दिवसात? आमच्यात राखी नाही बाई. आमच्यात भाऊ फुकट मिळतात, आणि निघतातही तसेच.”

“तुला नाही कळायचं.”

“मला एवढं कळतं की आजपासून तू त्यांचे मोजे धुणार.”

धुतले. मोजे, शर्ट, सरावाच्या बिनबाह्यांच्या बिब्ज, सगळंच. शनिवारच्या मॅचनंतर घामाने जड झालेली बॅग तिच्या खांद्यावर येई. ती घोट्यांना टेप लावायची, खांदे जागेवर बसवायची, संत्री सोलून फोडी डब्यात भरायची. कोणाचा ब्रेकअप झाला की तो तिच्याकडे येऊन रडायचा, आणि कोणाला नवी मुलगी आवडली की तिला मध्ये घालायचा: ताई, तू विचार ना, तुझ्यावर विश्वास ठेवेल ती. आणि मुली विश्वास ठेवत. टीमबरोबर एक बहीण आहे म्हणजे मुलं चांगल्या घरची असणार, असं त्यांना वाटे. वैजयंतीलाही तेच वाटे. आपण कुणाच्या तरी दाराला लावलेलं तोरण आहोत हे तोरणाला कुठे दिसतं? ते रस्त्याकडे तोंड करून असतं.

नोव्हेंबरात लेस्टरला मॅच होती. चढाई करताना समरचा घोटा मुरगळला. जिथे मॅट गुंडाळून उभ्या ठेवतात त्या खोलीत तिने त्याला बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि टेप लावायला लागली. बाहेर दुसरी मॅच चालू होती. कबड्डी कबड्डी कबड्डी, एका दमात, कोणाचा तरी दम संपत आलेला.

“तुझी हात गरम आहे,” समर म्हणाला.

“तुझा. हात तो असतो. तुझा हात गरम आहे.”

“माझा नाही, तुझी.”

ती हसली. त्याचं मराठी असंच होतं, शब्द बरोबर आणि सगळी नाती चुकलेली. माझा आई, माझी बाबा. तिला त्याचीच माया वाटायची. आपल्याशी बोलताना तो इंग्लिशचा कोट काढून ठेवतो, असं वाटायचं. तिने टेपचं टोक दातांनी तोडलं, मान वर केली, आणि तो तेवढ्यात खाली वाकला.

नंतर ती म्हणाली, “मी तुला राखी बांधलीये, समर.”

“ती? नुसता दोरा आहे, वी. टीमसाठी.” त्याने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. “ऐक, कोणाला बोलू नको. रूल आहे ना. सिस्टरला कोणी टच नाही करायचं. मी कॅप्टन, मीच रूल तोडला तर? सीझन संपू दे. मार्चमध्ये सीझनचं जेवण असतं, आईबाबा येतात सगळ्यांचे. तिथे मी सांगतो. सगळ्यांच्या समोर. प्रॉमिस.”

मार्च. त्या महिन्यासाठी ती अशी थांबली, जसं कुणी ओले पाय घेऊन घरभर न फिरता दाराशीच थांबतं.

हिवाळाभर ते चोरून भेटले. डॉक्सच्या बाजूला, लायब्ररीच्या मागे, आणि हॅनाह घरी गेली की फ्लॅटवर. राखी त्याने काढली नाही. मॅच जिंकतोय म्हणून, लकी आहे म्हणून. तिच्या कमरेभोवती हात टाकला की त्या दोऱ्याची गाठ तिला टोचायची. आपणच बांधलेली गाठ, तक्रार कुणाकडे करायची?

शर्ट डिसेंबरात आले. नारिंगी, पाठीवर मोठ्या काळ्या अक्षरांत प्रत्येकाचं नाव. तिच्या शर्टावर नाव नव्हतं. समरच्या हट्टाने तिथे देवनागरीत एकच शब्द छापला होता.

वहिनी.

वैजयंतीने शर्ट उलगडला आणि तो शब्द दोनदा वाचला. सगळी टीम टाळ्या वाजवत होती. त्यांना देवनागरी म्हणजे नुसती नक्षी. “काय लिहिलंय, काय लिहिलंय?” वीरने विचारलं. समर म्हणाला, “सिस्टर! ताईचा शर्ट आहे, दुसरं काय लिहिणार!” आणि त्याने तिच्याकडे बघून डोळा मारला.

डोळा मारला! तिने त्या डोळ्याचा अर्थ लावला आणि त्या अर्थावर पुढचे तीन महिने काढले. सगळ्यांना बहीण सांगतो आणि मला वहिनी लिहून देतो. ज्याच्या भावांची मी वहिनी, त्याची मी कोण? एवढ्या गर्दीत, एवढ्या उघड्यावर, आणि फक्त तिला कळेल असं. असं गुपित आजवर कुणी कुणाला पाठीवर लिहून दिलं असेल का? ती तो शर्ट घालून झोपली.

ख्रिसमसच्या सुट्टीत आईने कपडे वाळत घालताना तो शर्ट झटकला आणि थांबली.

“वैजू, हे काय? वहिनी? कोणाची गं?”

“टीमची.”

“टीमची कशी असेल वहिनी? वहिनी एकाचीच असते, म्हणून बाकीच्यांची होते.”

“अगं, स्पेलिंग मिस्टेक आहे. त्यांना बहीण लिहायचं होतं. मुलांना मराठी कुठे येतं?”

आईने तिच्याकडे पाहिलं. तिच्या आईने, यमुनाबाईंनी, ईलिंगच्या लायब्ररीत वीस वर्षं लोकांची पुस्तकं परत घेतली होती. कोण न वाचता परत करतंय ते त्यांना तोंडावरून कळे. “बरं,” त्या म्हणाल्या, आणि शर्ट उलटा करून वाळत घातला. अक्षरं आतल्या बाजूला.

जानेवारी गेला. फेब्रुवारीत स्वीटहार्ट निवडायची मीटिंग झाली. वैजयंती बाहेर कॉरिडॉरमध्ये संत्र्यांचा डबा घेऊन उभी होती. आतून हसण्याचे फवारे येत होते. तिला वाटलं, आता माझं नाव घेतलं असेल, म्हणून हसले. आता समर उभा राहिला असेल. दार उघडलं, मुलं बाहेर आली, फोडी उचलत गेली. तिच्याशी कोणी काही बोललं नाही, आणि तिने ते शुभ धरलं. ज्याच्यासाठी सरप्राइझ असतं त्याला सांगत नाहीत.

“कोण झाली?” तिने समरला हसत विचारलं.

“सीक्रेट असतं, वी. जेवणाला कळेल.” आणि हलकेच, “तू छान दिसायला ये हं. माझा आई येणारे.”

“माझी आई.”

“हो हो, तेच.”

हॅनाहला तिने त्या रात्री सगळं सांगितलं, शर्टसुद्धा. हॅनाहने शर्ट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाली, “वी, त्याला हात मुलगा की मुलगी ते कळत नाही. आणि तू म्हणतेस त्याने वहिनी जाणूनबुजून लिहिलं?”

“त्याने डोळा मारला.”

“तो बस ड्रायव्हरलाही मारतो.”

वैजयंती तिच्याशी दोन दिवस बोलली नाही. खरं बोलणाऱ्यावर रुसणं सोपं असतं. तो समजून घेतो.

मार्चच्या एका रविवारी दुपारी बंदराजवळच्या एका हॉटेलात सीझनचं जेवण होतं. खिडक्यांतून क्रूझचं जहाज दिसत होतं, पांढरंशुभ्र, रस्त्यावर येऊन उभं राहिलेल्या बिल्डिंगसारखं. टीमने नियमाप्रमाणे शर्ट घातले होते. वैजयंतीने आईची हिरवी साडी नेसून वरून तो शर्ट घातला. विचित्र दिसत होतं, पण त्या शब्दाशिवाय आज तिला यायचं नव्हतं. त्या शब्दाला आज आवाज फुटणार होता.

समरची आई, अर्चनाकाकू, रेडिंगहून एकट्याच आल्या होत्या. मोत्यांची कुडी, रेशमी साडी, हसरा चेहरा. समरने ओळख करून दिली, “आई, ही वी.” बस, एवढंच. वैजयंती “कशा आहात, काकू?” म्हणत वाकून पाया पडली.

“अगं अगं, असू दे. किती गोड मराठी बोलतेस! समर सांगतो, तुझ्यामुळे टीम चाललीये. फिर बघू, शर्ट दाखव.” ती वळली. पाठीवर काकूंची नजर फिरली, आणि मग खळखळून हसू आलं. “अरे समर! गाढवा! हे काय छापलंस तू? वहिनी?”

“हो, वहिनी. सिस्टर.”

“सिस्टर म्हणजे बहीण रे! वहिनी म्हणजे तुझ्या भावाची बायको. एवढं पण येत नाही? फोनवर विचारायचंस तरी मला!”

समरने डोकं खाजवलं. तो लाजलासुद्धा नाही, चोरी पकडल्यासारखा दिसला नाही, काही लपवत नव्हता. तिने निरखून पाहिलं, अगदी कानाच्या पाळीपर्यंत पाहिलं. आतबाहेर कुठेच काही नव्हतं.

“बहिणी, वहिनी,” तो खांदे उडवून म्हणाला. “सेम थिंग.”

काकू हसत होत्या. वीर हसत होता. वैजयंतीही हसली, कारण सगळे हसताना न हसणारा माणूस दिसतो. तीन महिने जो शब्द ती उराशी धरून झोपली तो कुणी लिहिलाच नव्हता. एका मुलाचा ‘ब’ चुकला होता, आणि तिने त्या चुकीत घर बांधलं होतं, दाराशी झाड लावलं होतं. तिला एकदम आठवलं की शर्ट हातात पडला तेव्हा डोळा त्याने वीरकडे बघूनही मारला होता. तेही तिने पाहिलं होतं. मोजलं नव्हतं एवढंच.

तरी मन वेडं. ते म्हणत राहिलं, शब्द चुकला असेल, वचन नाही चुकणार. अजून जेवण व्हायचंय.

सूप झालं. समर ग्लासवर चमचा वाजवत उभा राहिला. त्याने कोचचे आभार मानले, आईवडिलांचे मानले, लेस्टरच्या मॅचची गोष्ट सांगितली. त्या दिवशी घोटा कसा मुरगळला आणि तरी पुढची मॅच कशी जिंकली ते सांगितलं. मॅटच्या खोलीची गोष्ट त्या गोष्टीत नव्हती. मग म्हणाला, “अँड नाऊ, अवर स्वीटहार्ट. आणि माझीसुद्धा, सॉरी गाइज, रूल फक्त सिस्टरसाठी आहे! तनिषा, कम हिअर!”

तनिषा उठली. फर्स्ट इयरची, चांगली मुलगी, गाल लाल झालेले. तिचे आईवडील शेजारच्या टेबलावर टाळ्या वाजवत होते. म्हणजे घरच्यांना बोलावून आणण्यापर्यंत गोष्ट गेली होती. जानेवारीत तनिषाशी समरची ओळख करून दिली होती ती वैजयंतीनेच. ताई, तू बोल ना तिच्याशी, तुझ्यावर विश्वास ठेवेल ती. तेव्हा तिला वाटलं होतं, वीरसाठी विचारतोय.

“आणि आता ट्रॅडिशन!” वीर ओरडला. “ताई! ताईने दोघांना ओवाळायचं!”

कुणीतरी तिच्या हातात ताट दिलं. निरांजन होतं, कुंकू होतं, अक्षता होत्या. अर्चनाकाकूंनी घरून आणलेलं सगळं नीट मांडलेलं. समर आणि तनिषा शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसले. समरने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत माफी नव्हती, भीती होती. हिच्याकडून आता काही होऊ नये, एवढीच. आणि त्या भीतीच्या खाली विश्वासही होता. ताई आहे ती. काही करणार नाही.

वैजयंतीने ताट दोन्ही हातांत धरलं. ओवाळलं नाही.

“भाऊबीजेला बहीण भावाला ओवाळते,” ती मराठीत म्हणाली. आवाज शांत होता, आईच्या ओवीच्या लयीत आपोआप लागलेला. “आणि पाडव्याला बायको नवऱ्याला. सीझनभर समरने माझ्याकडून भाऊबीज करून घेतली, आणि पाडवा लपवून ठेवला. आता या ताटाने मी त्याला कोण म्हणून ओवाळू, ते त्यानेच सांगावं. मी थांबते.”

कुणीतरी तिचा फोटो काढला.

मग वीरने शिट्टी मारली. “ताई रॉक्स!” आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांना वाटलं मंत्र होता. किती सुरेल म्हणाली, किती छान ट्रॅडिशन. तनिषाच्या वडिलांनी, ते गुजराती होते, हात जोडून डोळे मिटले.

समर अर्धवट हसत होता. त्या लयीत भाऊबीज, पाडवा वगैरे काहीच त्याला कळलं नव्हतं, पण आपलं नाव त्याने ऐकलं होतं. तो आईकडे वळला. “काय म्हणाली?”

त्या सबंध हॉलमध्ये तिचं बोलणं कळलेलं एकच माणूस होतं. अर्चनाकाकूंच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तिथेच होतं, फक्त त्याच्या मागचं माणूस उठून गेलं होतं. त्यांनी वैजयंतीकडे पाहिलं. हिरव्या साडीकडे, तिच्या हातांकडे. मग मुलाकडे.

“आशीर्वाद दिला तिने,” काकू म्हणाल्या. “दोघांना.”

त्या पुढे झाल्या, तिच्या हातांतून ताट हळूच काढून घेतलं, आणि स्वतःच समर आणि तनिषाला ओवाळलं. अक्षता टाकल्या. फ्लॅश उडाले.

कॉरिडॉरमध्ये त्या तिच्या मागोमाग आल्या. दार त्यांनी पाठीमागे नीट ओढून घेतलं.

“खरं सांग मला. होतं काही?”

“होतं.”

“म्हणजे... सगळं?”

“हो, काकू.”

त्यांनी डोळे मिटले. वैजयंतीला वाटलं, आता या काहीतरी बोलतील. एका बाईने दुसरीला म्हणावं असं काहीतरी. थोडं जरी बोलल्या असत्या तरी ती त्यांच्या खांद्यावर कोसळली असती.

“मग राखी का बांधलीस गं त्याला?” काकू म्हणाल्या. “तूच बांधलीस ना? तुला तर कळत होतं. त्याला काय कळतं यातलं? त्याला मराठी तरी येतं का?”

“तो म्हणाला, नुसता दोरा आहे.”

“आणि तू ऐकलंस?”

“हो. ऐकलं. मला माहीत होतं की तो नुसता दोरा नाही, तरी ऐकलं. त्याची चूक तुम्ही मराठीवर घातलीत. माझी कशावर घालू?”

काकूंनी पदर सारखा केला, मोत्याची कुडी चाचपली. घरातलं काही सांडलं की आधी दागिना जागेवर आहे का ते बघणाऱ्या बायका असतात, तशा.

“हे बघ. तनिषाच्या घरचे आलेत. माणसं चांगली आहेत. मी समरला बोलेन, नंतर बोलेन, सोडणार नाही. पण आज नको. तू हुशार आहेस, करिअर आहे तुझं. उगाच नाव कशाला निघावं?”

“कोणाचं?”

त्यांनी बंद दाराकडे एकदा पाहिलं. तिच्या गालाला हात लावला, आणि तो हात खरोखर मऊ होता, हेच वाईट. “जेवून जा. उपाशी जाऊ नये. घरच्यासारखी आहेस तू.”

“सारखी,” वैजयंती म्हणाली.

काकू आत गेल्या. दार उघडलं तेवढ्यापुरता बिर्याणीचा वास आणि हसणं बाहेर आलं, आणि पुन्हा बंद झालं.

कोट ठेवायच्या दांड्यावर तिचा कोट सगळ्यात खाली होता. ती सकाळी सगळ्यांच्या आधी आली होती, खुर्च्या लावायला. वरून पाहुण्यांचे कोट चढत गेले होते. तिने एकेक कोट उतरवला, हातावर घेतला, आपला काढला, आणि मग बाकीचे परत एकेक करून नीट अडकवले, कॉलर सरळ करून. अर्ध्यावर तिला कळलं आपण काय करतोय ते. तरी उरलेलेही तिने नीटच अडकवले. मग शर्ट डोक्यावरून काढला, घडी न घालता त्याच दांड्यावर टाकला, आणि साडीवर कोट चढवला.

आतून हाक आली. “ताई कुठंय? अरे, ताईला बोलवा! ग्रुप फोटो!” वीरचा आवाज. तिचा पाय थांबला. इतकं झाल्यावरही थांबला. फोटोत बोलावत होते तिला. सगळ्यांच्या मध्ये, त्या दोघांच्या शेजारी असेना का. “ताई! कॅमेरा तुझ्याकडे घे, तूच काढ ना, तुला जमतं!”

ती दाराच्या काचेबाहेर उभी राहिली. दोन हाका झाल्या, तिसरी झाली. मग समरचा आवाज, मोकळा, सुटल्यासारखा: “जाऊ दे, वेटरला सांग.”

वेटर आला. त्याने हातातला ट्रे खाली ठेवला, कॅमेरा घेतला, मागे सरत सरत गुडघ्यात वाकला. मधे समर आणि तनिषा, दोन्हीकडे हसणारी घरची माणसं, मागे नारिंगी शर्टांची रांग. वेटर म्हणाला, जरा जवळ या. सगळे जवळ सरकले. कुणाच्याही शेजारी जागा उरली नाही, आणि कुणाच्याही शेजारी कोणी कमी दिसत नव्हतं.